केळीतुला

जळगाव,
२८ एप्रिल २०२५

चि. दीपूस ताईचे अनेक आशीर्वाद.

जीवरामरावांचा गुडघा आता कसा आहे? जिना चढता येतो का? धुळ्यातही आमच्यासारखंच तापत असेल. दुपारी बाहेर पडू नकोस.

भुसावळ स्टेशनवरचा तो वजनाचा काटा तुला आठवतो का गं? बाबांचा डबा घेऊन आपण शाळेतून परस्पर पार्सल ऑफिसला जायचो आणि ते हातातलं काम संपवेपर्यंत त्या काट्यासमोर उभ्या राहायचो. लाल-पांढरे दिवे फिरायचे. नाणं एकच असायचं, म्हणून एकदा आपण दोघी एकदम त्याच्यावर चढलो. मी तुला कमरेला धरलं होतं. पुठ्ठ्याचं तिकीट खटकन पडलं, त्यावर दोघींचं मिळून एक वजन आणि मागे एक भविष्य. भविष्य काय होतं ते विसरले. पण ते दोघींना अर्धं अर्धं लागू होणार की पूर्ण, यावरून क्वार्टरपर्यंत तू माझ्याशी भांडत आली होतीस. बाबा मागून नुसते हसत होते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवा माझी तुला झाली. केळ्यांची!

गेल्या ऑक्टोबरात साध्या औषधांना न जुमानणारा टीबी निघाला तेव्हा मी किती वाळले होते, तू पाहिलंसच. तेव्हा आमच्या विहीणबाईंनी, रत्नाच्या आईने, भिकुबाईंनी, गावच्या देवीला नवस बोलला होता की इहीनबाईंच्या अंगावर मांस चढू दे, मी त्यांना केळ्यांनी तोलीन. मला माहीत नव्हतं. दर महिन्याला टीबीच्या केंद्रावर वजन करतात ना, ते रत्ना घरी येऊन लगेच रावेरला फोनवर कळवायची. आधी ते हलेचना. मग फेब्रुवारीपासून जे वाढायला लागलं ते थांबेचना. केंद्रावरच्या सिस्टर म्हणाल्या, "आजी, तुमच्यासारखे सगळे पेशंट असते तर!" थुंकीचा रिपोर्ट तर त्याआधीच चांगला आला होता. मग काय, भूपेंद्रने दुकान बंद ठेवलं, गाडी काढली आणि आम्ही सगळे रावेरच्या पुढे त्यांच्या गावी गेलो.

देवळासमोरच्या कडुलिंबाला दोरांनी दोन पारडी बांधली होती. एका पारड्यात पाट ठेवून मला बसवलं. दुसऱ्यात घड ठेवायला लागले. अंदाजाने आणलेले घड संपले तरी माझं पारडं जमिनीवरून उठेना. भिकुबाईंना आनंद मावेना. "अजून एक घड आना रे! माय व, इहीनबाई कशा भरल्या!" असं ओरडत होत्या. त्यांचा भाऊ जीपवर चढून म्हणाला, "अक्का, आता काय वावरच आनू का?" सगळा गाव हसला. छोटा अमृत तर टाळ्या पिटत "आजी जड, आजी जड" म्हणत नाचत होता. शेवटी माझे पाय जमिनीवरून सुटले. ती केळी मग पॅकिंगच्या शेडमधल्या बायामाणसांना वाटली.

मी हसत होते. फोटो रत्नाने तुला पाठवलाच आहे. त्यात माझ्या अंगावर शाल आहे ती सत्काराची नव्हे, घरूनच नेलेली. मला हल्ली थंडी वाजते. तू हसशील, एप्रिलात जळगावला थंडी! पण पंखा लावला की मी खोलीबाहेर जाते. औषधं जहाल आहेत, त्यांचंच काहीतरी असेल. अंगठी बोटातून निघत नाही, ती साबण लावून काढली आणि डब्यात ठेवली.

त्या दिवशी खरं तर केंद्रावर तपासणीसाठी रक्त द्यायला बोलावलं होतं. पण तुलेचा मुहूर्त तोच होता. रत्ना म्हणाली, "आत्या, वजन एवढं छान आहे, रक्त पुढच्या महिन्यात देऊ." मीही हो म्हटलं. नवस फेडायला चाललेल्या माणसांना कसं अडवायचं?

तू फोनवर म्हणालीस की माझा आवाज घोगरा लागतो, म्हणून हे पत्र. सिस्टर फिलोमिनांनी आपल्याला पत्र लिहायला शिकवलं त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. आणि कॉन्व्हेंटात शिकलेली तू फोन उचलल्या उचलल्या "कशी शे ताई?" म्हणतेस, ते मला फार आवडतं. धुळ्याने तुला पुरतं आपलंसं केलं.

झोप मात्र भरपूर लागते. बसल्या जागी डोळा लागतो. परवा वरणात दोनदा मीठ घातलं, रत्नाने हसून पाणी ओतलं. आईची आठवण येते हल्ली फार.

उन्हाचं इकडे येऊ नकोस. मी मजेत आहे.

तुझी,
ताई

*

जळगाव,
३ जून

प्रिय दीपू,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. लिहायला बसते आणि काय लिहायचं होतं ते निघून जातं. जीवरामरावांचा गुडघा कसा आहे?

तू विचारलंस, रक्त दिलं का. दिलेलं नाही. मे महिन्यात दुकानात गर्दी होती. वजन अजून वाढलं आहे, त्यामुळे कुणाला घाई नाही. मीही आठवण करत नाही.

आज मनात आलं म्हणून काही गोष्टी लिहून ठेवते. वेळ असतो तेव्हा लिहिलेल्या बऱ्या. माझी मोरपंखी साडी रत्नाला. ह्यांचं घड्याळ भूपेंद्रकडे जावं, पट्टा नवा घालावा लागेल. शाळेत सिस्टरांनी मला बक्षीस दिलेला मोठा शब्दकोश अमृतला, तो वाचू लागला की. आईचं पितळी फुलपात्र तुझ्याकडे परत, ते तुझंच होतं. आणि माझा शिवणाचा लाकडी डबा तुला. तो मात्र कुणी उघडू नये. तसाच तुझ्या हाती यावा आणि तूही एकटी असताना उघड.

घाबरू नकोस. काही झालेलं नाही.

काल अमृत विचारत होता, आजी, मांजरीच्या पिल्लाचं नाव काय ठेवलं होतं आपण? सकाळी मीच ठेवलं होतं. आठवेना. तो म्हणाला, "जाऊ दे आजी, मी पण विसरतो." चार वर्षांचं पोर, मला समजावत होतं.

तुझ्याकडे आई शेवटी खिडकीशी बसायची आणि प्रत्येकाला विचारायची की पॅसेंजर गेली का. धुळ्यातल्या त्या गल्लीत कुठली पॅसेंजर! तू दर वेळी म्हणायचीस, "आत्ताच गेली आई, बाबा येतीलच." किती वर्षं केलंस तू तिचं. मी महिन्याला एकदा यायचे, फळं आणायचे आणि संध्याकाळच्या बसने परत जायचे. दर वेळी बसमध्ये वाटायचं, दीपूच्या जागी मी असते तर मला जमलं नसतं.

जीवरामरावांच्या गुडघ्याला तेल लावता का? कसा आहे त्यांचा गुडघा?

येऊ नकोस गं. खरंच येऊ नकोस.

ताई

*

जळगाव,
१६ जुलै

माझ्या लाडक्या दीपूस,

येऊ नकोस असं दोनदा लिहिलं म्हणूनच तू आलीस, हे मला कळलं. दारातून आत पाऊल टाकायच्या आधी "ताई, हा तुझा चेहरा नव्हे" म्हणालीस. घरातल्यांना रोज पाहून जे दिसत नव्हतं ते तुला उंबऱ्यावरून दिसलं. दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला नेलंस आणि लगेच परतलीस, जीवरामरावांना तिकडे एकटं ठेवून आली होतीस म्हणून. पण जाताना तुझा चेहरा उतरलेला होता. त्याचं कारण मला माहीत आहे. तुझ्या ब्लाउजचा हूक तुटला होता, तू माझ्या डब्याला हात लावलास, सुई घ्यायला. आणि मी तुझ्या अंगावर ओरडले. "ठेव तो!" आयुष्यात मी तुझ्याशी अशी बोलले नव्हते. तू सेफ्टी पिन लावून बसमध्ये बसलीस.

आता सांगते. रिपोर्टचं फोनवर रत्नाने तुला कळवलं, पण तिला ठाऊक होतं तेवढंच कळवलं.

थायरॉइड जवळजवळ बंद पडलं होतं. डॉक्टरीण लहान वयाची आहे, फार मोकळं बोलते. म्हणाली, "आजी, तुमच्या गोळ्यांमधली एक गोळी टीबीला मारते आणि जाता जाता या गळ्यातल्या बाईलाही झोपवून टाकते. थंडी, सूज, वाढलेलं वजन, केस गळणं, घोगरा आवाज, विसरणं, सगळं तिचंच. आता सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी घ्यायची, चहाच्या आधी अर्धा तास. टीबीचा कोर्स संपला की बहुतेक ही बाई आपसूक जागी होते."

मी विचारलं, "म्हणजे डोकं जात नाहीये माझं?"

ती म्हणाली, "डोकं कुठे जातंय? झोपलंय बिचारं."

रत्नाने माझा हात दाबला. मी मात्र तिथे खुर्चीत बसून गार पडले होते, दीपू. डॉक्टरिणीने पुढे सहज विचारलं की टीबीच्या गोळ्या नियमित आहेत ना. आणि मी तोंड उघडायच्या आत रत्ना म्हणाली, "एकसुद्धा चुकली नाही मॅडम. मी माझ्या हाताने देते." किती अभिमानाने म्हणाली! शाळेत मला शब्दकोश मिळाला तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जसं होतं ना, अगदी तसं.

मी गोळ्या घेत नव्हते.

तुलेनंतर महिन्याभराने सोडल्या. सुरुवातीला एक चुकवली, मग सगळ्याच. गोळ्या घेताना मला ओकारी यायची, तोंड वेडंवाकडं व्हायचं. मला लाज वाटू नये म्हणून रत्ना गोळ्या आणि पाणी हातात देऊन पाठ फिरवायची, ओट्याकडे तोंड करून केळं सोलायची. तेवढ्या वेळात मी त्या पदरात घ्यायचे. मग शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली. तुझ्या हाताखाली त्या दिवशी त्याच होत्या.

का, ते विचारशीलच. मला वाटलं, मी आईच्या वाटेला लागले. रोज काहीतरी जात होतं. आज भाजीचं नाव, उद्या शेजारणीचं. मोज्यांसकट गोधडीत पडून विचार करायचे की छाती बरी करून काय करायचं आहे? छाती धडधाकट आणि डोकं गेलेलं, अशी मी रत्नाच्या खिडकीशी वर्षानुवर्षं बसणार. त्यापेक्षा आधी छातीनेच न्यावं. आणि हे तुला कसं सांगायचं? तू आईचं सगळं केलंस. तुझ्याजवळच "मला आईसारखं व्हायचं नाही" असं म्हणायचं, म्हणजे तुझ्या त्या वर्षांना मी ओझं म्हटल्यासारखं झालं असतं. म्हणून पत्रात मांजरीच्या पिल्लापर्यंत आले आणि थांबले.

एका गोष्टीचा मात्र मी विचारच केला नाही. डोकं झोपलं होतं म्हणून केला नाही, असं म्हणून सुटता येईल. पण मी सुटत नाही. अमृत माझ्याजवळ झोपत होता.

रिपोर्ट आल्यावर मी गुपचूप पुन्हा गोळ्या घ्यायला लागले. वाटलं, झालं ते झालं, आता कुणाला कळायचं कारण नाही. थायरॉइडच्या गोळीने डोक्यातलं धुकं थोडं थोडं हटायला लागलं, आणि जसजसं हटलं तसतसं मला स्पष्ट दिसायला लागलं की मी काय केलंय. मग एका संध्याकाळी अमृत माझ्या मांडीवर बसून खोकला. साधा खोकला, दोनदाच. शेंगदाणा अडकला असेल. मी त्याला खाली उतरवलं आणि स्वयंपाकघरात गेले.

रत्ना भाकरी करत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटवली, भाजली, खाली घेतली, गॅस बंद केला. मग म्हणाली, "डबा दाखवा."

मी दाखवला. तिने रिळं एकेक करून बाहेर काढली. खालच्या गोळ्या पाहिल्या. मला वाटलं होतं रडेल किंवा ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "आत्या, मी पाठ फिरवत होते ती तुमचा मान राहावा म्हणून."

मी खाली पडलेली रिळं गोळा करू लागले.

थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला. ती माहेरच्या बोलीत फोनवर आईशी बोलत होती, मला ऐकू यावं अशा बेताने. "माय, तू ज्याले मांस समजली ना, ती सूज होती. आपन सुजीची तुला केली." पलीकडून भिकुबाई काय म्हणाल्या ते कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या बसने आल्या. माझ्याजवळ बसल्या, माझी सुजलेली बोटं हातात घेतली आणि म्हणाल्या, "इहीनबाई, देवीले म्या वजन मांगतलं होतं. नीट मांगता आलं नाही मले." त्यांची काय चूक होती गं? पण मला तर त्यांचं समाधानही करता येईना.

आता जे आहे ते असं. डॉक्टरिणीला सगळं सांगितलं. ती हसली नाही या वेळी. थुंकीचा नमुना घेतला, तो नळीत वाढवून बघतात, त्याला महिना-दीड महिना लागतो. मधल्या काळात आजार पुन्हा उठला असेल तर आत्ताची औषधं चालतील की नाही, तेही त्यावरच ठरेल. अमृतच्या छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ आहे. तरी त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. भूपेंद्र जेवायला बसतो, माझी चौकशी करतो, पण डोळे वर करत नाही. मी पुन्हा तोंडाला मास्क लावला आहे आणि मागच्या खोलीत राहते. अमृत दारात उभा राहून विचारतो, "आजी, तू कट्टी आहेस का?" मी हात हलवून नाही म्हणते.

रत्ना रोज गोळ्या आणते. आता पाठ फिरवत नाही. समोर उभी राहते, मी गिळल्या की म्हणते, "आ करा." मी आ करते. जीभ वर करून दाखवते. शाळेत प्रार्थनेनंतर आपण नखं दाखवायचो ना सिस्टरांना, तशी. परवा तिने बघून झाल्यावर पदराच्या टोकाने माझ्या हनुवटीवरचं पाणी पुसलं आणि गेली. त्या एका पुसण्यावर मी दोन दिवस काढले.

अंगठी आता बोटात जाते. पंखा दुपारी लावू देते. काल मांजरीच्या पिल्लाचं नाव आठवलं, खंडू. मागच्या पत्रात जीवरामरावांचा गुडघा मी किती वेळा विचारला ते तू मोजलं असशील. या वेळी एकदाच विचारते, कसा आहे?

आता जूनमधल्या त्या पत्रातलं काय खरं धरायचं ते लिहिते. साडी मी रत्नाला कालच दिली. तिने घेतली आणि माझ्याच कपाटात परत ठेवली. म्हणाली, रिपोर्ट आल्यावर बघू. ती तिचीच समज. घड्याळ भूपेंद्रला मी स्वतः देईन, तो माझ्याकडे वर बघेल त्या दिवशी. तसं झालंच नाही तर तू दे, आणि हे पत्रही त्याला वाचायला दे. शब्दकोश अमृतचा, पण आधी तो उन्हात चांगला वाळवून घ्यायचा, माझ्या उशाशी होता. फुलपात्र तुझं. आईच्या हातचं समजून त्यातून पाणी पी आणि मी तिच्याविषयी काय लिहिलं ते तिला सांगू नकोस. गोळ्या सगळ्या रत्नाने केंद्रावर परत दिल्या. भिकुबाईंना माझ्याकडून काही द्यावं असं माझ्याजवळ नाही. मी खरीखुरी बरी झाले तर त्यांच्या देवळासमोर मी त्यांना तोलीन.

शिवणाचा डबा या पत्राबरोबर पाठवते आहे. झाकणावरची वेल मी शाळेत असताना रंगवली होती, तू बाजूला बसून तिची पानं चुकीची आहेत म्हणत होतीस. डबा आता रिकामा आहे. म्हणजे रिकामा नाही, वरच्या कप्प्यात एक सुई आहे, दोरा ओवलेली, तुझ्या ब्लाउजच्या रंगाचा. तो हूक लावून घे.

निकाल आला की आधी रत्नाला कळेल. त्यानंतर लगेच तुला. जो येईल तो, लपवणार नाही.

आज सकाळच्या सगळ्या गोळ्या घेतलेली,
तुझी ताई